उधव्याच्या मास्तरांची अट

आमच्या घरी मुलांना निजवणं आणि वाघळं हाकणं ही दोन्ही कामं नर्मदाआत्याकडे होती, आणि दोन्ही ती एकाच वेळी करत असे. डहाणूच्या किनाऱ्याला ज्यांच्या चिकूच्या वाड्या होत्या, त्यांच्याकडे तेव्हा झाडावर घासलेटचा रिकामा डबा टांगलेला असे. डब्यात दांडकं, दांडक्याला दोरी, आणि दोरीचं दुसरं टोक खिडकीतून घरात. दिवेलागणीनंतर चिकू खायला वटवाघळं आली की घरातल्या माणसानं बसल्या जागेवरून दोरी ओढायची. बाहेर खडाखडा आवाज होई, वाघळं उठून शेजारच्या वाडीत जात, शेजारी आपली दोरी ओढी, आणि ती परत आमच्याकडे येत. शेवटी चिकू जायचे ते जातच. पण आपण हातावर हात ठेवून बसलो नाही, हे समाधान दोन्ही घरांना मिळे.

दोरीचं टोक माजघरातल्या खिडकीशी होतं आणि आम्हा चार भावंडांच्या गोधड्या तिथंच पडत. आत्या मध्ये बसायची, डाव्या हातानं धाकट्याला थोपटायची, उजव्या हातात दोरी. तोंडानं गोष्ट. तिच्या गोष्टीत एक राजा असे आणि त्याला फार लढाया कराव्या लागत, कारण वाघळं फार येत. "मग राजानं तोफ डागली," असं म्हणून आत्या दोरी ओढी आणि बाहेर खरोखरच तोफ होई. दुसऱ्या तोफेपर्यंत आम्ही निजलेलो असू. गोष्टीचा शेवट असा आम्ही कधी ऐकलाच नाही. आता वाटतं, तो तिलाही ठाऊक नसावा.

त्या डब्याच्या आवाजाशिवाय आम्हाला झोप येत नसे. पावसाळ्यात डबा उतरवून ठेवला की आम्ही चौघं घुबडासारखे जागे, आणि आई चुलीवरची झाकणं आपटून पाहायची.

सत्तावन्न-अठ्ठावन्न साल असेल. आत्याचं लग्न राहून गेलं होतं. रंग सावळा, उंची दारात वाकावं लागेल अशी, आणि वाघळांवर ओरडून ओरडून आवाज घोगरा झालेला. पाहायला येणारे पोहे खात, चिकूची करंडी घेत आणि 'कळवतो' म्हणून जात. माझे वडील, अण्णा, यांचं बहिणीवर प्रेम होतं आणि वाडीवरही होतं. दोघांची तुलना करण्याचा प्रसंग आला नव्हता, म्हणून घरात शांतता होती.

तो प्रसंग हिरकणीकाकीनं आणला. ही शेजारची काकी स्थळं जमवायची; स्वतःचं लग्न कसं जमलं हे मात्र कधी सांगत नसे.

"रामनाथ, उधव्याचं स्थळ आहे," ती ओट्यावर बसत म्हणाली. "अमृत मास्तर. शाळेवर आहे. बायको गेली गेल्या साली. दोन पोरं. माणूस देवासारखा."

"म्हणजे बोलत नाही?" अण्णांनी विचारलं.

"कमी बोलतो. अट एकच आहे त्याची. मुलगी बघणार नाही. पोरं घेऊन येतो, ती निजवून दाखवा म्हणतो."

"काय?"

"पोरं निजतच नाहीत ने! आई गेल्यापासून डोळ्याला डोळा नाही. गंजाडची एक मुलगी बघितली, तिनं अंगाई म्हटली तर धाकट्यानं कान झाकले. बोर्डीच्या एकीनं पेढा दिला. पोरं पेढा खाऊन आणखी ताजी झाली."

"आणखी कुणी बघितली?"

"झरीची एक. ती स्वतःच निजली."

दाराआडून आत्याचं हसणं ऐकू आलं. काकी निघून गेल्यावर ती आईला म्हणाली, "वहिनी, तोंड बघून नको म्हणणारे पुष्कळ झाले. ह्या माणसाला मला जे येतं तेच हवंय. हे जर फिसकटलं, तर परत कुणापुढं पोह्याची बशी घेऊन जाणार नाही. सांगून ठेवते."

आईनं माजघर दोनदा सारवून घेतलं.

मास्तर संध्याकाळच्या एस.टी.नं आले. धोतर, वर कोट, कोटाच्या खिशात मुलाचं झबलं. डोळ्यांखाली असं काळं की जणू कुणी कोळसा फिरवलाय. बरोबर रूपी, पाचेक वर्षांची, आणि तिच्या परकराला धरून बारक्या, नुकता बोलायला लागलेला. बेत असा ठरला होता की जेवणं लवकर व्हावीत, पोरं निजावीत, आणि एक या खांद्यावर, एक त्या खांद्यावर घेऊन मास्तरांनी फाट्यावर शेवटची गाडी पकडावी. पोरं निजली तर अर्थातच होकार. जागी राहिली तर चालत जातील, तेवढाच खांदा हलका.

जेवणं झाली. माजघरात आमच्या चार गोधड्यांशेजारी दोन नव्या पडल्या. मास्तर भिंतीला टेकून बसले, परीक्षकासारखे. अण्णा आणि काकी ओट्यावर. आत्यानं कंदील बारीक केला, दोरी हातात घेतली आणि राजा काढला. आम्ही चौघं लगेच जांभया देऊ लागलो. वाटलं, झालंच काम.

"मग राजानं तोफ डागली," आत्या म्हणाली आणि तिनं दोरी ओढली.

बाहेर डबा खडखडला आणि रूपी किंचाळत उठली. बारक्या तिच्या पोटाला चिकटला आणि त्यानं असा सूर लावला की शेजारच्या वाडीतला डबा न ओढताच वाघळं उडाली असावीत. रूपीनं भावाला उचलून कोपऱ्यात नेलं आणि ओरडली, "दार लावा! दार लावा आधी!"

"अगं, काय झालं?" आत्या गोंधळली.

मास्तर उठून उभे होते. त्यांचाही हात कडीकडे गेलेला. मग ओशाळून म्हणाले, "आमच्याकडे जंगलात, पाड्यावर वाघ आला की डबे वाजवतात, बाई. डबे वाजले की पोरांना आत कोंडायचं."

आम्हाला हे ठाऊकच नव्हतं. डब्याच्या आवाजाला भिणारं, वाघळं सोडून, आमच्या ओळखीत कुणी नव्हतं. आत्यानं हातातल्या दोरीकडे पाहिलं. मग ती खिडकीबाहेर टाकून दिली.

ओट्यावरून अण्णांचा आवाज आला. "नर्मदा! काय गं थांबलीस? आलीत बघ झाडावर!"

"खाऊ देत, दादा."

"काय म्हणालीस?"

"आजच्या दिवस खाऊ देत."

ओट्यावरून चपलांचा आवाज वाडीकडे गेला. खिडकीतून दिसलं ते मला अजून दिसतं: अण्णा अंधारात खांद्यावरचा पंचा हातात घेऊन या झाडाखालून त्या झाडाखाली पळत होते, पंचा गरगर फिरवत होते आणि तोंडातून चकार शब्द काढत नव्हते. गावचे रामनाथशेट, ज्यांच्यापुढे गडीमाणसं आवाज चढवत नसत, ते वाघळांना खुणेनं सांगत होते की कृपा करून जा.

आत दोरीशिवाय आत्याचा राजा अडला. तोफ नाही म्हणजे लढाई नाही; लढाई नाही म्हणजे राजानं करायचं काय? आत्यानं त्याला आंघोळ घातली. भाकरी खायला दिली. मग राजा आपल्या राज्याचं कुंपण बघायला निघाला. इथं एक काठी ढिली होती, ती त्यानं बसवली. पुढं गेला. तिथं शेळी शिरली होती, ती हाकलली. पुढं गेला. इतकी कंटाळवाणी गोष्ट मी त्यानंतर फक्त सत्कारसमारंभात ऐकली आहे. आत्याचा घोगरा आवाज एका सुरात चालला होता, राजा कुंपणाकडेनं चालला होता, आणि आम्ही चौघं डब्यावाचून टक्क जागे. उधव्याची दोघं तर आमच्याहून जागी. रूपी गोष्ट ऐकतच नव्हती. ती बापाकडे बघत होती.

राजा नदीकाठच्या कुंपणापाशी आला तेव्हा मास्तरांची मान कलली. एकदा सावरली. परत कलली. मग ते भिंतीवरून हळूहळू घसरत खाली आले आणि आमच्या तांदळाच्या पोत्यावर डोकं टेकून घोरायला लागले.

"निजले," रूपी कुजबुजली. मग आत्याला म्हणाली, "तू गोष्ट थांबवू नको हां."

"का गं? ते तर निजले."

"उठतील ना मग. ते निजतच नाहीत." तिनं बारक्याला मांडीवर नीट घेतलं. "आमी निजलो की ते रडतात. आमी बघितलंय. म्हणून आमी निजत नाही."

राजा कुंपणाशी तसाच उभा राहिला.

"आणि बारक्या?" आत्यानं विचारलं.

"त्याला मीच उठवते, चिमटा काढून."

बारक्यानं दंड पुढं करून चिमट्यांची जागा दाखवली. त्याला त्याचा अभिमान होता.

"आज नाही रडायचे ते," आत्या म्हणाली. "घोरतायत बघ कसे. तू नीज."

"तू उठवणार नाहीस ना त्यांना?"

"नाही."

"नक्की?"

"कुणालाच उठवू देणार नाही."

रूपीनं आणखी एकदा बापाच्या तोंडाजवळ जाऊन खात्री केली. मग पाळी संपलेल्या पहारेकऱ्यासारखी गोधडीवर आडवी झाली आणि तिच्या पाठोपाठ बारक्या. राजाला पुढचं कुंपण गाठायलाही वेळ मिळाला नाही.

फाट्यावर एस.टी.चा भोंगा वाजला. ड्रायव्हरला ठाऊक होतं आज कोण येणार ते, म्हणून त्यानं दुसऱ्यांदा वाजवला. हिरकणीकाकी लगबगीनं आत आली. "निजली ने? वा! मास्तर, उठा, गाडी—" आणि मास्तरांना बघून तिथंच थबकली. "अगं बाई! हाच निजला? उठव, उठव त्याला!"

"नाही उठवणार," आत्या म्हणाली.

"वेडी की काय तू? शेवटची गाडी आहे! परका पुरुष तुझ्या माजघरात राहिला तर सकाळी गावात तोंड दाखवशील का? आणि उद्या तो नाही म्हणाला म्हणजे?"

"म्हणू दे नाही. मी पोरीला शब्द दिलाय."

"पाच वर्षांच्या पोरीला?"

"मग काय झालं? शब्दाला वय बघतात का?"

काकीनं मास्तरांच्या खांद्याकडे हात नेला. आत्यानं तो धरला. वाघळांच्या दोरीनं घट्टे पडलेला हात होता. काकी परत पुढं झाली नाही. तेवढ्यात अण्णा दारात आले, घामानं निथळत, हातात पंचा. त्यांनी पोत्यावरचं डोकं पाहिलं, पोरं पाहिली, बहीण पाहिली. भोंगा तिसऱ्यांदा वाजला.

"दादा, तू सांग तिला," काकी म्हणाली आणि गडबडीत आपण अण्णांना दादा म्हटलं हेही तिच्या ध्यानात आलं नाही.

अण्णांनी पंच्यानं तोंड पुसलं. मग म्हणाले, "काकी, तुम्ही आज इथंच निजा. माजघरात, मधोमध. म्हणजे गावाला विचारायला तुमच्याकडेच यावं लागेल."

मी फाट्यावर जाऊन गाडी सोडायला सांगावं, असं मला म्हणून ते स्वतःच कंदील घेऊन गेले. माझ्या आठवणीत त्या दिवशी प्रथमच आम्ही डब्याशिवाय निजलो. काकीच्या घोरण्यानं ती उणीव भरून काढली.

सकाळी ऊन माजघरात आलं तरी मास्तर निजलेले होते. जागे झाले ते एकदम, धडपडत, आणि पहिलं पोरांकडे बघितलं. बारक्या अंगठा तोंडात घालून आडवा, रूपी तोंड उघडं टाकून. मास्तर ओट्यावर आले तेव्हा कोटावर तांदळाच्या पोत्याची नक्षी उमटली होती. त्यांना कुठं बघावं कळेना.

"रामनाथशेट, माफ करा," ते म्हणाले. "माझी अट होती की पोरं—"

"निजली," आत्या चहा ठेवत म्हणाली. "तुमच्यानंतर."

मास्तर अण्णांकडे बघून म्हणाले, "तुमची हरकत नसेल तर माझ्याकडून होकार आहे."

"माझी पण एक अट आहे," आत्या म्हणाली.

आई दारात थांबली. लग्न ठरताना मुलीकडून अट ऐकण्याची आमच्याकडे कुणाला सवय नव्हती.

"रडायचं असेल तर पोरांच्या समोर रडायचं. ती निजायची वाट बघायची नाही. ती सगळं बघतात."

मास्तरांनी कप खाली ठेवला. नुसती मान हलवली, मग परत हलवली. डोळे पुसायला खिशात हात घातला आणि बारक्याचं झबलं काढलं.

अण्णांना अशा प्रसंगांचा अनुभव नव्हता. त्यांनी आत तोंड करून जोरात सांगितलं, "अगं, चहा आण!" आणि समोर ठेवलेल्या चार कपांकडे कुणी लक्ष देऊ नये म्हणून वाडीकडे बघत बसले.