डाव्या गुडघ्याचा रकाना

डाव्या गुडघ्याला बांधायचा एक पट्टा तुमच्याशी बोलतोय. दोन्ही बाजूंना पोलादी बिजागऱ्या, चार वेल्क्रो आणि मधोमध गुडघ्याच्या वाटीसाठी एक गोल भोक, एवढंच माझं शरीर. मी फारसा शहाणा नाही. जे घडलं ते मी अगदी जवळून पाहिलं आणि त्यातलं निम्मं मला अजूनही कळलेलं नाही. तरी सांगतो.

माझा जन्म मलेशियातल्या जोहोरच्या कारखान्यातला. तिथून पूल ओलांडून मी सिंगापूरला आलो आणि बिशानमधल्या औषधांच्या दुकानात एका खुंटीवर लटकलो. माझं माप सगळ्यांत मोठं. गुडघेदुखीची म्हातारी माणसं मला लावून बघायची आणि मी घसरत घोट्यापर्यंत जायचो. मग ती हसून मला परत खुंटीवर ठेवायची. माझ्या मापाचा माणूस या देशात नसावाच, असं मला वाटायला लागलं होतं.

मे महिन्यात एक बाई आली. जाई तिचं नाव, ते मला नंतर कळलं. तिनं मला हातात घेऊन बिजागऱ्या उघडझाप करून पाहिल्या.

"नवऱ्यासाठी? त्यांना घेऊन या, माप बघू," दुकानदारीण म्हणाली.

"तो येऊ शकत नाही."

"इतकं दुखतं?"

"नाही," जाई म्हणाली. "त्याला लोक ओळखतात."

दुखणं असलेला माणूस दुखण्यामुळे येत नाही हे मी पाहिलं होतं. ओळखीमुळे येत नाही हे नवीन होतं. माझ्या गोंधळाची सुरुवात तिथूनच झाली.

तिचा नवरा सुबोध. नागपूरहून सहा वर्षांचा असताना वडिलांबरोबर इथे आला, इथेच शिकला, इथलाच झाला. उंची सहा फूट चार इंच. हेरॉन्स नावाच्या व्यावसायिक बास्केटबॉल संघात तो नऊ वर्षं खेळत होता. हंगामाच्या शेवटी शेवटी, एप्रिलमध्ये, उडी मारून खाली येताना त्याचा पाय वाकडा पडला. संघाला त्यानं सांगितलं, पेटका आला होता. मग गुपचूप एका डॉक्टरला दाखवलं. गुडघ्याच्या आतली गादी थोडी फाटली होती.

अकराव्या मजल्यावरच्या त्या फ्लॅटमध्ये मी रोज सकाळ-संध्याकाळ सुबोधच्या पायावर असायचो. पहिल्यांदाच मी घसरलो नाही. बाहेर जाताना मात्र तो मला काढून कपाटात, बेडशीटच्या मागे ठेवायचा. त्याची आठ वर्षांची मुलगी राणी मला 'रोबोट लेग' म्हणायची.

घरात त्या दिवसांत एक शब्द सारखा यायचा, फ्री एजंट. सुबोधचे वडील दादाराव निवृत्त इंजिनियर. त्यांनी एकदा चहा पिताना विचारलं, "फ्री म्हणजे काय बा? फुकट?"

"नाही बाबा, मोकळा. तीस जूनला माझा करार संपतो. मग मी कुठल्याही संघाकडे जाऊ शकतो."

"मग जा म्हणतात का राहा म्हणतात?"

"तेच ठरतंय."

ठरत होतं ते असं. तैवानमधल्या काउशुंगच्या एका संघाला सुबोध हवा होता, तीन वर्षांसाठी. पैसे इथल्यापेक्षा बरेच जास्त. हेरॉन्सला तो फुकट जाऊ द्यायचा नव्हता. म्हणून त्यांनी आधी त्याच्याशी करार करायचा, लगेच त्याला काउशुंगला पाठवायचं आणि बदल्यात तिकडचा बावीस वर्षांचा एक उंच मुलगा आणायचा, असा बेत होता. याला ट्रेड म्हणतात. माणसाच्या बदल्यात माणूस. दुकानात माझ्या शेजारी क्रेप बँडेज लटकायची, त्यांची अदलाबदल मी पाहिली होती. पण ती पावती दाखवून व्हायची. इथे पावती कोणती, ते मला समजेना.

ते काम होतं अभयकडे. अभय पुण्याचा, हेरॉन्सच्या ऑफिसात खेळाडूंची आकडेमोड करणारा. कुणाला किती वर्षांचा करार द्यावा, कुणाच्या बदल्यात कुणाला घ्यावं, हे तो एका शीटमध्ये मांडायचा. वय, मैदानावरची मिनिटं, गुण, चुका, जुनी दुखणी, प्रत्येकाला एक रकाना. आणि हाच अभय एक रविवार सोडून एक रविवार जाईच्या हातचं जेवायला यायचा. इथे एकटाच राहायचा तो, तीन वर्षांपासून.

जूनमधल्या अशाच एका रविवारी दुपारी जाईनं पाटोडीची रस्साभाजी केली होती. अभय नाक पुसत पुसत जेवत होता. "वहिनी, तिखट कमी करा म्हणणार नाही, पण नागपूरकरांना माझा नमस्कार सांगा," असं काहीतरी तो बोलला आणि दादाराव खुशीत आले. तेवढ्यात सुबोध पाणी आणायला उठला आणि थोडा लंगडला. राणी धावत आत गेली. कपाट उघडलं. मला उचलून तिनं सरळ जेवणाच्या टेबलावर आणून टाकलं.

"पापा, यू फरगॉट युअर रोबोट लेग लाह," ती तिच्या सिंगापुरी इंग्रजीत म्हणाली.

मी ताटांच्या शेजारी पडलो होतो. अभयनं मला हात लावला नाही, फक्त माझ्या आतल्या बाजूकडे पाहिलं. घामानं तिथला रंग उडाला होता. दोन दिवसांचा पट्टा असा दिसत नाही.

"हे किती दिवसांपासून?" त्यानं विचारलं.

सुबोध म्हणाला, "तू आत्ता कोण म्हणून विचारतोयस?"

अभयनं हातातला घास खाली ठेवला. "मला माहीत नाही," तो म्हणाला.

त्यानं पानातलं सगळं संपवलं, ताट स्वतः सिंकमध्ये नेऊन ठेवलं, जाईला 'जेवण छान होतं' म्हणाला आणि गेला. जाईनं राणीला रागावलं नाही. मला उचलून कपाटात मात्र ठेवलं ते नेहमीपेक्षा मागे.

मंगळवारी सकाळी बिशान पार्कमध्ये सुबोध मला घालून, वरून ढगळ पँट चढवून, हळूहळू चालत होता. अभय ओढ्याजवळच्या बाकावर बसलेला दिसला. वाट बघत होता, हे मलाही कळलं. सुबोध शेजारी बसला.

"गुरुवारी काउशुंगला शीट पाठवायचंय," अभय म्हणाला. "सगळं भरलंय. डाव्या गुडघ्याचा रकाना राहिलाय."

"काय लिहिणार?"

"तू सांग."

"मी कसं सांगू? काम तुझं आहे."

"गुडघा तुझा आहे."

ओढ्यात पाणमांजरांचं एक कुटुंब मासा ओढत होतं. लोक थांबून फोटो काढत होते. हे दोघंही तिकडेच बघत राहिले.

"बत्तीस वर्षांचा आहे मी," सुबोध शेवटी म्हणाला. "तीन वर्षांचा करार आता परत कुणी देणार नाही. खरं लिहिलंस तर एक वर्षाचाही नाही."

"आणि खोटं लिहिलं तर ते लोक त्यांचा चांगला पोरगा आपल्याला देऊन बसतील, आणि तू डिसेंबरमध्ये मैदानात बसकण मारशील."

"कदाचित नाही बसणार."

"कदाचितला रकाना नाहीये रे."

मी तिथेच होतो, दोघांच्या मध्ये. त्या गुडघ्याबद्दल सगळ्यांत जास्त मलाच माहीत होतं. जिना उतरताना तो कुठल्या पायरीला कचरतो, चाळीस मिनिटांनी किती सुजतो, हे मी सांगू शकलो असतो. मला कुणी विचारलं नाही. विचारलं असतं तरी मी कुणाच्या बाजूनं बोललो असतो, ते माझं मलाच ठरवता आलं नसतं.

अभय उठला. काय लिहिणार ते त्यानं सांगितलं नाही, सुबोधनंही पुन्हा विचारलं नाही.

जुलैच्या पहिल्या आठवड्यात काउशुंगच्या संघानं ठरवलेल्या डॉक्टरकडे तपासणी होती. म्हणजे कागद पुढे सरकले होते. त्या सकाळी दादाराव नेहमीप्रमाणे बुद्धमूर्तीसमोर वंदनेला बसले होते. सुबोध त्यांच्या शेजारी बसायचा, लहानपणापासूनची सवय. त्या दिवशी पंचशील सुरू झालं आणि तिसरं शील संपताच तो उठला. चौथं खोटं न बोलण्याचं असतं. दादारावांनी मध्येच मान वळवून पाहिलं आणि पुढचं एकट्यानं म्हटलं.

सुबोधनं मला घरी ठेवलं असतं तर समजण्यासारखं होतं. घातलं असतं तरी समजण्यासारखं होतं. त्यानं मला बॅगेत कोंबलं, टॉवेलखाली. का, ते मला आजही सांगता येत नाही.

डॉक्टर बाईंनी पाय वाकवून पाहिला, दाबून पाहिला. तो हूं की चूं बोलला नाही. मग त्यांनी एक फॉर्म पुढे केला. तपासणीत दिसलं त्याखेरीज गेल्या बारा महिन्यांत कुठली दुखापत? हो किंवा नाही, खूण करा, खाली सही. त्या पेनाची शाई संपलेली होती. कागदावर नुसता ओरखडा उठला.

"दुसरं आणते," म्हणून बाई बाहेर गेल्या.

बॅगेची चेन उघडली. टॉवेल बाजूला झाला. त्यानं मला बाहेर काढलं आणि त्या फॉर्मवर ठेवलं.

बाई पेन घेऊन आल्या. मला पाहिलं. खुर्ची ओढून बसल्या. "कधीपासून?" त्यांनी इंग्रजीत विचारलं.

"एप्रिल," सुबोध म्हणाला.

त्या संध्याकाळी जाईनं विचारलं, "पेन चाललं असतं तर?"

"माहीत नाही," तो म्हणाला. "खरंच माहीत नाही गं."

दोन दिवसांत ट्रेड मोडला. बावीस वर्षांचा मुलगा आपल्या गावीच राहिला. हेरॉन्सनंही नवा करार न करता नऊ वर्षांबद्दल आभार मानणारं एक पत्र सुबोधला पाठवलं. दादाराव ते दोनदा वाचून म्हणाले, "इंग्रजी चांगलं आहे."

पुढच्या शनिवारी सकाळी अभय आला. बूट दारातच काढून तिथेच उभा राहिला.

"मी त्या रकान्यात 'ठीक' लिहिलं होतं," तो म्हणाला.

सुबोध उठून उभा राहिला. मी त्याच्या पायावर होतो.

"तू मला आदल्या दिवशी एक फोन करायचास," अभय म्हणाला.

"मलाच माहीत नव्हतं, अभय."

"मी तुझ्यासाठी खोटं बोललो आणि तू खरं बोललास. यात चूक कुणाची, ते मी तीन दिवस मांडून बघतोय. जमत नाहीये."

"बॉसला सांगायचंस, मला ठाऊक नव्हतं."

"तेच सांगणार होतो. त्यांनी विचारलं, तू त्याच्या घरी जेवायला जातोस ना? आता जेवलो नाही असं कसं म्हणू?"

अभयची नोकरी गेली. नोकरी गेली की इथे राहण्याचा पास रद्द होतो, पास रद्द झाला की महिन्याभरात देश सोडायचा. त्यानं तिकीट काढलंसुद्धा होतं. जाई आत गेली आणि पोहे भिजवू लागली. दादाराव आपल्या खुर्चीतून म्हणाले, "मी या पोराला जे शिकवलं ते बरोबरच होतं. मग त्यापायी दुसऱ्याच्या पोराचं घर कसं काय उठलं?" त्यांनी हे कुणालाच उद्देशून विचारलं नव्हतं.

पोहे झाले. अभय बसला, खाल्ले. मग त्याचं लक्ष माझ्याकडे गेलं. तो सुबोधसमोर जमिनीवर बसला आणि त्यानं माझे चारही वेल्क्रो सोडले.

"चुकीचं बांधतोस तू. खालचा आधी आवळायचा, मग वरचा. माझ्या आईला आहे असाच पट्टा."

त्यानं मला नीट बांधलं. सुबोध त्याच्या डोक्याकडे बघत होता. हात खांद्यावर ठेवावा की नाही, हे त्याला ठरवता येत नव्हतं असं मला वाटलं. शेवटी त्यानं ठेवला.

ऑगस्टमध्ये गुडघ्याचं ऑपरेशन झालं. काही आठवडे माझ्या जागी दवाखान्याचा मोठा पट्टा होता, मग मी परत आलो. जानेवारीत मलेशियातल्या इपोहच्या एका छोट्या संघानं सुबोधला बोलावलं. करार एका महिन्याचा. पटलं तर पुढचा महिना. तो आणि जाई बसनं गेले. या खेपेला मी ट्रॅकपँटच्या वरून बांधलेला होतो. रस्त्यात जो तो माझ्याकडे बघत होता आणि मला अवघडल्यासारखं होत होतं. उजेडाची सवय नव्हती.

तिथल्या व्यवस्थापकानं, एका टक्कल पडलेल्या थकल्या माणसानं, माझ्याकडे बोट करून विचारलं, "हा गुडघा एका सामन्यात किती मिनिटं देतो?"

सुबोधनं दहा मिनिटं मागून घेतली, बाहेर येऊन पुण्याला फोन लावला. स्पीकर चालू होता, म्हणून मला ऐकू आलं.

"किती सांगू?"

"खरं किती?" पलीकडून अभयनं विचारलं. त्याला तिकडे अजून काम मिळालेलं नव्हतं.

"वीस."

"मग अठरा सांग," अभय म्हणाला. "दोन तुझ्याकडे राहू देत."

सुबोध आत गेला आणि त्यानं अठरा सांगितलं. हे खरं की खोटं, ते तुम्हीच ठरवा; मी पुष्कळ विचार केला, मला येत नाही. त्या माणसानं आकडा कागदावर लिहिला आणि हात पुढे केला.

आता मी इथेच असतो, इपोहच्या बंदिस्त मैदानात. एक बिजागरी कुरकुरते, तिसऱ्या वेल्क्रोचे काटे झिजलेत. फार दिवस टिकेन असं नाही. तुम्ही कधी कुणा माणसाला तोलायला बसलात, वय किती, राहिलं किती, बदल्यात कोण मिळेल हे मांडायला लागलात, तर खुशाल मांडा. ते केल्याशिवाय संघ चालत नसावा. फक्त एकदा त्याला समोर बसवून विचारा, कुठे दुखतं. तो लगेच सांगेलच असं नाही. थोडं थांबा. जमलं तर एखादं पेन आणायला म्हणून बाहेर जा.