वरच्या पट्टीतलं गाणं

छोटीला चाळिशी लागली होती, केसांत पांढरे डोकावू लागले होते, तरी घरात ती छोटीच. भावाने लग्न केलं ते सोप्रानो गाणाऱ्या मुलीशी, म्हणजे बायकांच्या आवाजातल्या सगळ्यांत उंच पट्टीत गाणारीशी, आणि तेव्हापासून वहिनीच्या साथीला पियानोवर छोटी. नणंद-भावजयीचं इतकं मेतकूट जमलं की भाऊ म्हणायचा, "या घरात मी आपला पाहुणा. तेही न बोलावता आलेला."

दोघी गायच्या-वाजवायच्या ती फ्रेंच गाणी. एक आवाज, एक पियानो आणि एखादी कविता, बस. भावाला ती भाषा म्हणजे कायमची सर्दी झालेल्या माणसांचं बोलणं वाटायची. पण वहिनी गायला लागली की तोही वर्तमानपत्र खाली ठेवायचा.

मागच्या वर्षी वहिनीच्या स्वरयंत्रावर गाठ आली. ऑपरेशन झालं, गाठ साधी निघाली, घरादाराच्या जिवात जीव आला. एकट्या वहिनीच्या सोडून. डॉक्टरांनी सांगितलं, खुशाल गा. ती गायलाही लागली, पण वरचे सूर आले की कुणीतरी मागून पदर धरल्यासारखी थबकायची. कधीकधी सूर लागायच्या आधीच हात गळ्याकडे जायचा.

दोघींच्या गाण्यांचं ठरलेलं रेकॉर्डिंग तिने दोनदा पुढे ढकललं. तिसऱ्या वेळी छोटी तिच्यासमोर येऊन बसली. शेवटी वहिनीच म्हणाली, "करू या. पण ते शेवटचं गाणं एक स्वर खाली घेऊ. त्यातला तो वरचा सूर माझ्याच्याने नाही व्हायचा."

तो सूर जोरात फेकायचा असता तर एक वेळ निभावलं असतं. पण तो अगदी हळू, निजलेल्या माणसाला जाग येऊ नये इतका हळू घ्यायचा होता, आणि घेऊन धरून ठेवायचा होता. छोटीने वाद घातला नाही. खालच्या पट्टीतली स्वरलिपीची प्रत आणली आणि रोज संध्याकाळी बसून हातात बसवली.

रेकॉर्डिंगसाठी एका जुन्या सभागृहात जागा मिळाली. रेकॉर्डिस्टने आवाज घुमू नये म्हणून मागच्या खुर्च्यांवर घोंगड्या पसरल्या होत्या. माणूस अबोल. बाजूच्या खोलीच्या काचेतून, गाणं चांगलं झालं की मान हलवायचा, बिघडलं की "पुन्हा" म्हणायचा. याच्या पलीकडे त्याचं काही म्हणणं नसायचं. सकाळ बरी गेली. एक गाणं बाहेरच्या मोटारसायकलने खाल्लं, एकात छोटीचंच स्टूल करकरलं. वहिनी गात होती नीट, पण जपून. उतू जाणाऱ्या भांड्याकडे डोळा ठेवून काम करावं तशी.

मग आलं शेवटचं गाणं. खालच्या पट्टीची प्रत समोर उघडी होती. रेकॉर्डिस्टचा लाल दिवा लागला. छोटीने सवयीने डोळे मिटले, श्वास घेतला आणि हात पियानोवर टाकले.

दोन-चार सुरांतच तिच्या लक्षात आलं. बोटं मूळ पट्टीत वाजवत होती! इतक्या वर्षांची सवय. चार-सहा आठवड्यांचा सराव तिच्यापुढे कुठला टिकणार? थांबावं का? थांबलं तर वहिनीला कळणार, आणि कळलं की तिचं सगळं अवसान गळणार. छोटीचा निर्णय व्हायच्या आत वहिनीने सूर लावला. बरोबर. वरच्या पट्टीत.

आता माघार नव्हती. छोटी वाजवत राहिली. तो सूर जवळ येत गेला, आणि तिने पियानो इतका हळू केला की जणू वाटेतून बाजूलाच झाली.

वहिनीने सूर घेतला. कुठे धक्का नाही, कुठे खरखर नाही. तो वर गेला आणि तिथेच राहिला, सहज, आणि मग आपणहून खाली उतरला.

पियानोचा शेवटचा सूर विरून जाईपर्यंत कुणी हललं नाही. मग रेकॉर्डिस्ट खोलीतून स्वतः बाहेर आला. "हे आता पुन्हा नको," म्हणाला. त्याच्या मानाने हे भाषणच होतं.

वहिनी कमरेवर हात ठेवून वळली. "फसवलंस मला!"

"शपथ घेते वहिनी, चुकून झालं. बोटांनी दगा दिला."

"चुकून?"

"अगदी चुकून. तुला कळलं तर तू घाबरशील म्हणून मी थांबले नाही."

"कळलं तर? अगं, तुझ्या पहिल्याच सुरांना कळलं मला! वाटलं, या बयेने ठरवून मला खिंडीत गाठलंय. असा राग आला ना, की घाबरायचं राहूनच गेलं."

आधी वहिनीला हसू फुटलं, मग छोटीला, आणि हसता हसता दोघींच्याही डोळ्यांना धार लागली. रेकॉर्डिस्ट बिचारा घोंगड्या सारख्या करायला निघून गेला.

नंतर त्याच्या खोलीत त्यांनी ते गाणं ऐकलं. तो सूर आला तसे वहिनीने डोळे मिटले. वर्षभर तिच्या खांद्यांत बसलेला ताठा छोटीच्या डोळ्यांदेखत उतरला. "माझाच आहे गं," ती हळूच म्हणाली, हरवलेलं मूल सापडावं तशी.

मिळेल ते खावं आणि घरी जाऊन आडवं व्हावं, इतकंच छोटीच्या मनात होतं. तिने प्रती गोळा करायला घेतल्या.

"कुठे निघालीस?" वहिनी म्हणाली. "सकाळचं दुसरं गाणं पुन्हा घेऊ. त्यात मी उगाच चिंगूसपणा केलाय."

छोटीने रेकॉर्डिस्टकडे पाहून खांदे उडवले आणि हसत पियानोकडे गेली.