गाडीच्या दारातली बाई

"उजवीकडे म्हणतेय ना मी! उजवीकडे! कान आहेत की नुसती भोकं?"

एवढं मी बोलले आणि फोनमधून मालकांचा आवाज आला. "काका, तुमच्या खिशात कोण आहे?"

मी घरी, ओट्याला टेकून उभी. आमचे हे गाडीत, स्टिअरिंगवर. मालक मागच्या सीटवर. आणि माझा आवाज यांच्या शर्टाच्या खिशात. शेजारी सूनबाई होती, तिने जीभच चावली.

"बायको आहे, साहेब," हे म्हणाले.

मालक हसले. चांगले पोट धरून हसले. मला दिसत नव्हतं, पण हसण्यावरून पोट कळतं. "वा काका! म्हणजे माझी गाडी तुमची बायको चालवते का?"

दुसरा कोणी असता तर तोही हसला असता, वेळ मारून नेली असती. यांनी गाडी तेवढी उजवीकडे घेतली. माझ्या अंगाचा तिळपापड झाला, पण फोन ठेवता येईना. ठेवला असता तर पुढचं वळण कोण सांगणार?

हा तमाशा का चालला होता ते सांगते. यांनी जन्मभर दुसऱ्यांच्या गाड्या चालवल्या. आधी ट्रक, मग बस, मग बड्या लोकांच्या गाड्या. ट्रकचं इंजिन तेव्हा केबिनमध्येच, मांडीला लागून असायचं. त्याने यांचा डावा कान पुरता खाल्ला आणि उजव्याचाही लचका तोडला. घराबाहेर कोणाला पत्ता नाही. मालक बोलले की हे आरशात त्यांचे ओठ बघायचे आणि बरोबर उत्तर द्यायचे. कानात यंत्र घाला म्हणून मी डोकं फोडून घेतलं. "ड्रायव्हरच्या कानात यंत्र दिसलं की त्याच्या मागे कोण बसेल?" म्हणायचे. हे खोटं होतं असं मला म्हणता येत नाही.

मालकांनी नवी गाडी घेतली तेव्हा यांचे दिवस पालटले. तिच्यात खिडकीच्या झडपेएवढा पडदा होता. यांचा फोन आत गेला की आपोआप गाडीला जोडला जायचा, आणि फोनमधली रस्ता सांगणारी बाई गाडीच्या चारही दारांतून बोलायची. चारही! यांना तिचा शब्द न् शब्द ऐकू यायचा. या शहरात रोज एक रस्ता बंद होतो नि एक पूल उघडतो, पण यांना फिकीर नव्हती. घरी येऊन कौतुक सांगायचे. आज बाईने असं नेलं, आज बाईने तसं वाचवलं.

मी म्हणायचे, "माझं जन्मात कधी ऐकलं नाहीत. तिचं बरं ऐकता."

"ती ओरडत नाही," हे म्हणायचे. वर हसायचे.

मग एका सकाळी बाई मुकी झाली. पडद्यावर अक्षरं आली, त्याचा फोटो यांनी सूनबाईला पाठवला. तिने वाचून दाखवलं. फुकटाची मुदत संपली, आता दर महिन्याला पैसे भरा, नाहीतर फोन गाडीला जोडला जाणार नाही. एवढी महागडी गाडी, की तिच्या किमतीत आमची अख्खी चाळ उभी राहिली असती, आणि तिला फोन जोडायला भाडं!

मालक तापले. "मी गाडी रोख घेतलीय. विकत घेतलेल्या वस्तूचं भाडं भरू? हा तत्त्वाचा प्रश्न आहे." बोलणं चोख होतं. मीही तेच म्हटलं असतं. पण तत्त्व मालकांचं आणि अडलं आमचं. गाडीत समोर फोनचा स्टँड चिकटवायला मालकांची मनाई, तिथल्या कातड्यावर डाग पडतो म्हणून. फोनचा स्वतःचा आवाज यांना डासाएवढाही पोचत नाही. कानात काही घालायची सोय नाही.

म्हणून आम्ही ही युक्ती काढली. यांची गाडी कुठे आहे ते सूनबाईच्या फोनवर ठिपक्यासारखं दिसतं. ती वळण बघायची आणि मला सांगायची. मी ओरडायचे. ती पोर सासऱ्यांवर कशी ओरडणार? तिची जीभच उचलत नाही. माझी उचलते. आणि खिशातून, छातीवरून माझा आवाज यांना बरोबर पोचतो, कारण तो हाडात मुरलाय.

त्या हसण्यानंतर गाडी सर्व्हिसिंगला न्यायची वेळ आली. मी म्हटलं, "मी येते."

"मालकांच्या गाडीत तू?"

"मागे बसत नाही. पुढे बसते. माझ्याने डाग पडत नाही."

शोरूम म्हणजे काचेचा डबा. एक टाय लावलेला पोरगेला माणूस समोर आला. मी विचारलं, "ही गाडी फोनशी बोलत नाही. काय बिघडलंय?"

"बिघडलं काही नाही, आजी. ते फीचर बंद झालंय. सबस्क्रिप्शन घ्यावं लागेल."

"माणसासारखं सांग."

"दर महिन्याला पैसे भरले की सुरू."

"पैसे घेऊन बसवणार काय?"

"बसवायचं काही नाही. सगळं आत आहेच."

"तारा आहेत?"

"आहेत."

"दारातले स्पीकर?"

"तेही आहेत."

"आणि ती बाई?"

तो हसला. "बाई तर तुमच्याच फोनमध्ये आहे, आजी."

"म्हणजे गाडी विकलेली, फोन आमचा, बाई आमची. मग तुमचं त्यात काय?"

तो जरा घुटमळला. "परवानगी," म्हणाला.

मग मात्र माझा तोल सुटला. "अरे, घर विकायचं, आणि घेणारा राहायला आला की संडासाला कुलूप लावून किल्ली घेऊन बाहेर बसायचं! याला धंदा म्हणतोस? दारात उभा राहून खंडणी घेतो तो गुंड निदान टाय तरी लावत नाही!"

कॉफी पिणारी चार माणसं वळून बघायला लागली. मी पर्स उघडली. "बरं, काय असेल ते मी भरते. कर सुरू."

"तुम्हाला नाही भरता येणार. गाडी ज्यांच्या नावावर आहे त्यांच्याच फोनवरून होतं. त्यांनी हो म्हटलं पाहिजे."

बघा! खंडणी भरायलासुद्धा ऐपत पुरत नाही, नाव लागतं.

यांनी माझा दंड धरला. "चल. ओरडू नकोस इथे."

"मी ओरडत नाही. माझा आवाजच असा झालाय. तुमच्याशी बोलून बोलून झालाय."

यांनी दंड सोडला. येताना वाटेत म्हणाले, "उद्या साहेबांना मीच सांगतो."

"काय सांगता?"

"खरं ते."

दुसऱ्या दिवशी मी ओट्याशी उभी, फोन कानाला, सूनबाई ठिपका बघत. आणि खिशातून सगळं ऐकू येत होतं.

"साहेब, ती फोनची सोय सुरू केलीत तर बरं होईल."

"काका, तो विषय झालाय. पैशाचा प्रश्नच नाही."

"साहेब, मला कमी ऐकू येतं. दारांतून आवाज आला की नीट कळतं."

मग मालक म्हणाले, "किती कमी?"

"डाव्याने नाहीच. उजव्याने थोडं."

"आणि मी इतके दिवस तुमच्या मागे बसतोय? माझी मुलगी बसते या गाडीत!"

"गाडीला एक ओरखडा नाही, साहेब. आरशात सगळं दिसतं मला."

मी तोंड उघडलं. सूनबाईने माझ्या तोंडावर हात ठेवला. सासूच्या तोंडावर! पण बरोबर केलं. मी बोलले असते तर त्या माणसाची सात पिढ्यांची उजळणी केली असती.

तेवढ्यात तिचं दुसरं बोट फोनवर टकटक करायला लागलं. चौक आला होता. डावीकडे वळायचं होतं. सांगायला तर हवं. पण मालक ऐकतायत, यांची अब्रू तिथे उघडी पडलीय, आणि त्यात मी खिशातून खेकसायचं?

"डावीकडे," मी म्हटलं. कधी नव्हे ते हळू.

ठिपका सरळ गेला.

"काका," मालक म्हणाले, "ती काहीतरी म्हणाली."

यांना तेही ऐकू आलं नसावं. ठिपका सरळ जातच राहिला, पुलावर चढला, पलीकडे उतरला. मालकांना तेवढंच पुरलं.

संध्याकाळी हे चालत घरी आले. किल्ली देऊन आले होते. मालकांनी हिशेब चोख केला, वर पाठीवर हात ठेवून "तब्येतीला जपा" म्हणाले, असं यांनी सांगितलं. तक्रारीचा शब्द नाही. हात धुतले, जेवले, भांडं उपडं घातलं. तक्रार मी केली. भिंतींना पाठ होईल इतकी केली.

काही दिवसांनी तीच गाडी आमच्या दाराशी येऊन थांबली. गल्लीत मावेना. नवा ड्रायव्हर काच खाली करून म्हणाला, "काकू, काकांची उशी राहिली होती गाडीत." पाठीला लावायची, मी शिवलेली. ती त्याने माझ्या हातात दिली. माझी नजर मात्र आत गेली. पडदा उजळलेला होता, त्यावर नकाशा.

"सुरू केलं वाटतं?" मी विचारलं.

"हो ना. साहेबांच्या मुलीला तिची गाणी लागत नव्हती. दोन दिवस रुसून बसली. मग साहेबांनी भरून टाकले."

गाणी! तत्त्व कुठे गेलं, तर गाण्यांत गेलं. माझ्या पायापासून मस्तकापर्यंत आग उठली. त्या पोराला काय बोलणार? तो बिचारा पोटासाठी आलेला.

मागून हे बाहेर आले. नव्या ड्रायव्हरला हात केला. गाडी सुरू झाली, आणि चारही दारांतून बाई बोलली, "पुढे उजवीकडे वळा."

यांना ऐकू आलं. मान चटकन वर झाली, जुनं माणूस भेटल्यासारखी. मग दारावर कोणाच्या तरी बोटांचे डाग दिसले, म्हणून हे पुढे झाले आणि बाहीने ते पुसून काढले. नीट, कडेपर्यंत. गाडी मागे मागे सरकत वळणावर गेली. हे तिथेच उभे.

मी हाक मारली, "अहो, आत या!" एवढ्या मोठ्याने, की समोरच्या घराची खिडकी उघडली.

उघडू दे.