रुचितानं ठेवलेलं नाव

"कागलात काय सोनं लागलंय व्हय, बाई?"

रुचिताचा, आपल्या नातीचा, हात धरून नेमगोंडा आजोबांनी शाळेच्या फाटकातच विचारलं. संयोगिता हसली नाही.

"सोनं कुठलं, आजोबा. पोरं आहेत. तिकडं त्यांच्याकडं कुणी जातच नव्हतं."

"मग दुसरं कुनीतरी धाडा की. तुमीच का?"

शिरोलीभोवतीच्या गावांतल्या शाळांमधून ती विशेष शिक्षिका म्हणून फिरायची. एक मूल या टोकाला, दुसरं त्या टोकाला. तिचा आणि तिच्या सहकाऱ्यांचा निम्मा दिवस रस्त्यावरच जायचा आणि कागलकडच्या मुलांपर्यंत कुणी पोहोचायचंच नाही. प्रत्येकीला एक सलग भाग द्यावा, ही सूचना बैठकीत तिनंच मांडली होती. नकाशावरची रेघही तिनंच ओढली होती. रेघ बरोबर होती. रुचिता त्या रेघेच्या अलीकडं राहिली आणि संयोगिता पलीकडं गेली; आज तिचा इथला शेवटचा दिवस होता.

"आनि ही नवी बाई?" आजोबांनी हेल्मेट हातात घेऊन उभ्या असलेल्या प्रियदर्शनीकडं हनुवटीनं दाखवलं. "हिला रुचीनं जवळ घेतलं न्हाय, तर उद्यापास्नं शाळा बंद. बसंल घरात. पयल्यासारखी."

पहिल्यासारखी म्हणजे कशी, ते संयोगितानं पाहिलेलं होतं. गोठ्याच्या खांबाला पाठ टेकून तासन्‌तास झुलत बसलेली पोर. जन्मापासून दिसत नाही, ऐकू येत नाही. कुणी अचानक उचललं की किंचाळायची, कारण उचलणारे हात कुठून आले हे तिला कधीच कळायचं नाही.

आता ती दहा वर्षांची होती आणि तिच्याजवळ माणसांची नावं होती. ही नावं हातानं ओळखायची आणि हातानंच घ्यायची. आजोबा म्हणजे मिशी. आई म्हणजे गळ्यातले काळे मणी. हेडमास्तर म्हणजे धातूच्या पट्ट्याचं घड्याळ. संयोगिता म्हणजे तांब्याचं पिळाचं कडं. ती आली की रुचिता कड्यावरून बोटं फिरवायची आणि मग स्वतःचं मनगट मुठीत धरून पिळायची. तू आलीस! प्रत्येक नाव संयोगितानं रुचिताच्या हाताखाली आपला हात ठेवून, महिनोन्‌महिने करून दाखवलं होतं.

त्या बदल्यात रुचितानं तिला काय काय दाखवलं, ते सांगायला गेलं तर कुणाला खरं वाटलं नसतं. वर्गाच्या फरशीवर तळवा टेकून बसलेली रुचिता मधेच हसायची आणि मग लांबच्या कारखान्यातल्या घणाचा आवाज इतरांना ऐकू यायचा. जमिनीतून कंप आधी येतो, हवेतून आवाज नंतर. संयोगितानं हे कॉलेजात भौतिकशास्त्राच्या पुस्तकात वाचलं होतं. प्रत्यक्ष पाहिलं ते या पोरीच्या चेहऱ्यावर.

"मला भीती वाटतेय, मॅडम," प्रियदर्शनी हळूच म्हणाली. "प्रशिक्षणात असं मूल बघितलं नव्हतं."

"मी पण नव्हतं बघितलं," असं म्हणून संयोगितानं हातातलं कडं उतरवलं. "हे घाल. सुरुवातीला तरी तिला अनोळखी वाटायला नको."

वर्गात प्रियदर्शनीनं रुचितासमोर बसून मनगट पुढं केलं. रुचिताची बोटं कड्यावर गेली. चेहरा उजळला. तिनं आपलं मनगट पिळलं. आजोबा दारातून म्हणाले, "घेतलं की वो!"

पण बोटं थांबली नाहीत. कड्यावरून ती तळव्यावर गेली, तळव्यावरून नखांवर, मग कोपरापर्यंत. पुन्हा कड्यावर आली. पुन्हा नखांवर. आणि मग रुचितानं दोन्ही हात मागं खेचून काखेत दाबून धरले.

प्रियदर्शनीनं तिच्या खांद्याला हात लावला. रुचिता भिंतीपर्यंत मागं सरकली आणि झुलायला लागली.

"झालं न्हवं?" आजोबा आत आले. "तरी मी सांगत हुतो. चल बाळा घरला."

"थांबा आजोबा."

"आता काय थांबायचं? त्वांड मिटलं की पोरीनं."

तोंडच नव्हे. हात काखेत गेले म्हणजे तिचे डोळे, कान, सगळंच मिटलं होतं. संयोगिता त्या दोन मुठींकडं पाहत राहिली. मूल घाबरू नये म्हणून केलं, असं कुणालाही सांगता आलं असतं. पण या पोरीशी आजवर एक शब्दही खोटा बोलायचा नाही, हे तिनं पाळलं होतं. आज माणसाचं नावच खोटं सांगितलं.

तिनं कडं मागून घेतलं, रुचिताशेजारी भिंतीला टेकून बसली आणि कडं तिच्या मांडीवर ठेवलं. मग काहीच केलं नाही. शेजारच्या वर्गात पाढे चालू होते. आजोबा बसले, उठले, परत बसले.

बऱ्याच वेळानं एक हात काखेतून निघाला. कडं सापडलं. दुसरा हात निघाला, त्यानं संयोगिताचा हात शोधला, नखं तपासली आणि कडं तिच्या मनगटात सरकवलं. जरा जोरातच. चूक दुरुस्त करावी तसं.

"ये," संयोगिता प्रियदर्शनीला म्हणाली. "रिकाम्या हातानं ये. तिच्या हाताखाली हात ठेव आणि ती नेईल तिकडं जाऊ दे."

रुचिता त्या हातावरून वर गेली. कोपर, खांदा, वेणी. वेणीपाशी काहीच वेगळं नव्हतं. पुढं कान, गाल आणि गळा. तिथं तिची दोन बोटं थबकली. प्रियदर्शनी घाबरलेली होती आणि गळ्याची नस जोरजोरात उडत होती. रुचितानं डोकं एका बाजूला कलवलं. बोटं तशीच ठेवून दुसरा हात तिनं आपल्या गळ्यावर नेला, जणू ताडून पाहत होती. मग दोन्ही हात खाली घेतले आणि आपल्याच गळ्यावर दोन बोटांनी भराभरा ठोके दिले.

थांबली. प्रियदर्शनीच्या छातीवर तळवा टेकवला. पुन्हा गळ्यावर ठोके. टकटकटकटक.

संयोगिता गुडघ्यांवर पुढं सरकली.

"काय म्हनती?" आजोबांनी विचारलं.

"नाव ठेवलं तिनं."

"कुनी शिकीवलं?"

"कुणीच नाही."

आजवरची सगळी नावं संयोगितानं दिलेली होती. हे पहिलंच होतं, जे या पोरीनं स्वतः घडवलं. कधी न पाहिलेल्या, न ऐकलेल्या माणसाच्या आत जे चाललं होतं, त्यावरून. प्रियदर्शनी रडत होती आणि हसतही होती. आजोबांनी नकळत स्वतःच्या गळ्याला बोटं लावून पाहिली.

"माझं बी उडतंय की," ते पुटपुटले. "आनि मला आपली मिशी म्हनती."

"उद्या किती वाजता आनू?" त्यांनी विचारलं. पण या वेळी संयोगिताला नाही, प्रियदर्शनीला.

आता एकच गोष्ट उरली होती आणि ती लपवून चालणार नव्हतं. संयोगितानं रुचिताचे हात आपल्या हातांवर घेतले. मनगट पिळलं: मी. मग दोन्ही तळवे एकमेकांवरून पुसून बाजूला नेले. ताट रिकामं झालं, खेळ आवरला की त्या दोघी ही खूण करत: संपलं. रुचितानं मनगट पिळलं. तळवे पुसले. पुन्हा एकदा, सावकाश, पुसले. तिला किती कळलं, हे तिच्या चेहऱ्यावरून कुणालाच सांगता आलं नसतं.

नंतर ती उठली आणि प्रियदर्शनीचं कोपर पकडून तिला शाळा दाखवायला निघाली. पाण्याची टाकी, खिचडी शिजते ती खोली, पोरांच्या चपलांची रांग. प्रत्येक ठिकाणी नव्या बाईचा हात धरून तिथं टेकवत होती.

संयोगिता व्हरांड्यात भिंतीशी उभी होती. त्या दोघी वळून तिच्याच दिशेनं येऊ लागल्या. व्हरांडा अरुंद होता. प्रियदर्शनीनं तिला पाहिलं आणि ती अडखळली. संयोगितानं मान हलवली: चालत राहा.

संपलं असं एकदा सांगून झालं होतं. आता रुचिताचा हात तिला लागला, तर ते खोटं ठरलं असतं.

वाऱ्यावर तिची ओढणी उडत होती. तिनं ती गोळा करून छातीशी घट्ट धरली, पाठ भिंतीला लावली आणि रुचिता हातभर अंतरावरून पुढं निघून जाईपर्यंत ती हलली नाही.