बोळक्या तोंडाची चव

या, असे पुढे सरकून बसा. मागे कशाला बसता? गोष्ट काही चावत नाही. देवाचं नाव घेऊन सुरुवात करू, म्हणजे जीभ वावगं बोलायची नाही. कारण आज जिभेचीच गोष्ट सांगायची आहे. एक कवळी करणारे काका आणि त्यांची थोरली बहीण, एवढीच माणसं. सोबतीला काकू आहेत, त्या नसत्या तर गोष्टच झाली नसती. रडवणार नाही, हा शब्द देतो. डोळे ओले झालेच तर ते हसून होतील. ऐका तर मग.

"अहो, हलू नका! पडेल तो!" काकू ओरडल्या.

फोन काही पडत नव्हता. काकांनी त्याची सोयच तशी केली होती. प्लास्टरचा एक अख्खा जबडा, वरचा आणि खालचा, बिजागरीवर बसवलेला; त्या दातांमध्ये फोन घट्ट चावून धरलेला, आणि वरून कवळीच्या कामातलं गुलाबी मेण थापलेलं. लांबून बघणाऱ्याला वाटावं, कुणाच्या तरी सांगाड्याला फोनची भूक लागली आहे.

"पडत नाही गं. मेण कडक झालंय."

"फोन नाही, दिवा! दिवा पडेल म्हणते मी!"

दिवा म्हणजे काकांच्या कामाच्या टेबलावरचा, मान वाकडी करणारा. त्याचा उजेड थेट तोंडावर आला की नाक चकाकायचं, म्हणून काकूंनी समोर स्टीलचं ताट उभं केलं होतं आणि दिव्याचं तोंड ताटाकडे फिरवलं होतं. ताट उभं राहावं म्हणून त्याला पिठाच्या डब्याचा टेकू. आवाज टिपायला इयरफोनची वायर शर्टाच्या दुसऱ्या बटणात खोचलेली. आवाज नको म्हणून पंखा बंद, खिडकी बंद. भर दुपारी त्या खोलीत दोघंही घामाने निथळत होती आणि मध्ये बशीत, राजासारखे, खारे वेफर मांडलेले होते.

हा सगळा खटाटोप आक्कासाठी.

आक्का काकांची थोरली बहीण. दूरच्या गावी, मुलीकडे. आवाज असा, की ही बाई दारात उभी राहून हाक मारायची आणि गल्लीच्या टोकाला भाजी निवडणारी बाई "मला बोलावलं का?" म्हणून मान वर करायची. आणि खाण्याचं वेड! दुकानात नवं पाकीट लटकलेलं दिसलं की तिला राहवायचं नाही. घरी येईपर्यंतही दम नाही. रस्त्यातच फोडणार, एक तोंडात टाकणार आणि जो भेटेल त्याला निकाल ऐकवणार. "मीठ बरं आहे, पण मनातून केलेलं नाही."

तिला अर्धांगवायूचा झटका आला. हात-पाय हळूहळू सावरले, पण गिळणं गेलं. नाकातून नळी, नळीतून पातळ पेज. बोलणंही वाकडं झालं, शब्द तोंडातच ओघळायचे. सराव घेणारी बाई यायची आणि सांगायची, "आजी, बोला. वाकडं बोला, पण बोला. जीभ पडून राहिली तर आखडेल." आक्काने प्रयत्न केलाही एकदा. समाचाराला आलेल्या कुणीतरी ते ऐकून तोंडावर हात धरून हसू दाबलं. आक्काने ते पाहिलं. त्या दिवसापासून तिच्या तोंडाला जे कुलूप लागलं, ते मुलीच्या रडण्यानेही उघडेना. काका भेटायला गेले, तर त्यांच्याकडेही पाठ करून पडून राहिली.

एकच गोष्ट ती बघायची. फोनवर अनोळखी माणसं नवनवीन खाऊ चाखतात आणि कसा लागला ते सांगतात, ते. भाचीच म्हणाली, "मामा, तुम्ही असं काहीतरी करून पाठवा ना. ओळखीचं तोंड दिसलं तर कदाचित बोलेल. सरावाच्या बाईंनी सांगितलंय, आता बोलली नाही तर पुढे बोलायचीच नाही."

"उपाशी माणसापुढे बसून खायचं?" काकूंनी विचारलं होतं.

"ती स्वतःच बघत बसते गं, परक्यांचं. मग माझं का नको?"

तर अशी ती दुपार. लागलं का लक्ष? आता गंमत ऐका.

काकांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. भांग पाडला होता. खाकरून ते फोनच्या जबड्याकडे बघत म्हणाले, "आक्का, नमस्कार. हा वेफर." मग एक वेफर त्यांनी बोटांनी मोडला, छोटासा तुकडा बाजूच्या दातांवर ठेवला, ओठ मिटले आणि दोन्ही बाजूंनी सारखा, सावकाश चावला. गिऱ्हाइकाला नवी कवळी दिल्यावर ते जसं शिकवतात, अगदी तसा. मग गिळून म्हणाले, "पातळ आहे. पुढच्या दातांनी तोडू नये. हिरडीला टोचत नाही. कवळीखाली कण जातात, पण चूळ भरली की निघतील. एकंदर ठीक." हात जोडले. झालं.

व्हिडिओ गेला. थोड्या वेळाने भाचीचा निरोप आला. "मामा, आईने अर्धाच बघितला. भिंतीकडे तोंड केलं."

काका खुर्चीत बसून राहिले. शर्टाचं वरचं बटण काढायचंही त्यांना सुचेना. काकूंनी फोन मेणातून उपटून काढला, चष्मा लावला आणि तो व्हिडिओ पहिल्यापासून बघितला.

"अहो, हे काय आहे?"

"काय आहे म्हणजे?"

"खाताय की कवळीची तपासणी करताय? हिरडीला टोचत नाही म्हणे! आक्का काय माप द्यायला आल्यात? आणि आवाज कुठे आहे? वेफर आहे ना तो? कुर्रकन् वाजायला नको?"

"तोंड मिटून खावं. मी सगळ्यांना तेच सांगतो."

"सगळ्यांना सांगा. आक्कांना चव सांगा, चव! कसा लागला?"

काकांनी दुसरा वेफर तोंडात टाकला. चावला. विचार केला. "खारट... असावा."

"असावा?" काकू कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. "तोंड तुमचं, वेफर तुमच्या तोंडात, आणि असावा?"

काका चावायचे थांबले. अहो, त्यांच्या स्वतःच्या तोंडातही कवळीच होती, आणि वरची कवळी टाळू झाकते. गिऱ्हाईक कुरकुर करायचं, काका, पहिल्यासारखी चव लागत नाही हो, तेव्हा हेच काका समजूत घालायचे, "सवय होईल." सवय झाली की माणूस तक्रार करायचं थांबतो. काकांनी स्वतःची तक्रार कधी थांबवली, तेच त्यांना आठवेना. गेली कित्येक वर्षं ते जेवत होते, पोट भरत होतं, आणि आमटीत मीठ जास्त झालं तर ते काकूंच्या तोंडाकडे बघून ओळखत होते.

"मला नीट लागतच नाही गं," ते हळूच म्हणाले.

काकूंचा राग तिथेच विरला. त्या समोर बसल्या. मग त्यांच्या डोळ्यांत काहीतरी चमकलं.

"मग काढा ती."

"काय काढू?"

"कवळी काढा. आणि मग खा."

"वेडी झालीस?" काकांनी दाराकडे बघितलं, दार बंद होतं तरी. "कवळी करणाऱ्याचं तोंड म्हणजे त्याची पाटी. ही पाटी बघून लोक येतात. मी तुझ्यासमोरसुद्धा कधी काढली नाही."

आणि ते खरं होतं. सकाळी मोरीत, दाराकडे पाठ करून, नळ मोठा सोडून हा माणूस कवळी धुवायचा. संसारात काकूंनी सगळं बघितलं होतं, पण नवऱ्याचं रिकामं तोंड बघितलं नव्हतं.

"मी भिंतीकडे तोंड करते," काकू म्हणाल्या. "तुम्ही आणि फोन. बघू तर खरं, चव येते का. नाही आवडलं तर पुसून टाकू."

त्यांनी फोन पुन्हा जबड्यात दिला, मेण दाबलं, सुरू केलं आणि खरोखरच पाठ फिरवून उभ्या राहिल्या.

काकांनी पाण्याची वाटी पुढे ओढली. मग पाण्याचा टप्प असा आवाज आला. वाटीत कवळी पडली होती. वेफर उचलल्याची खसखस झाली. आणि नंतर काहीच नाही. चावायला दातच नव्हते. काकांनी तो अख्खा वेफर जिभेवर ठेवला होता आणि उघड्या टाळूवर दाबून धरला होता.

"अगं आई गं..."

काकू गर्रकन् वळल्या. काकांचे गाल आत गेले होते, हनुवटी नाकाला भेटायला निघाली होती आणि डोळे, काय सांगू तुम्हाला, देवळात आरतीच्या वेळी एखाद्या भोळ्या माणसाचे होतात तसे झाले होते.

"आक्का! आक्का, काय शांगू तुला! मीठ... आधी मीठ येथंय. जिभेच्या शेंड्यावर! मग... थांब, थांब... मग बटाटा येथोय! खरा बटाटा!" शब्द ओठांतून घरंगळत होते, कणांसोबत. पण काकांना कुठली शुद्ध! त्यांनी दुसरा घेतला. "हा कडेला काळपट आहे बघ. हा कडू... नाही, कडू नाही, खमंग! जळक्याला गोडी अशथे, आक्का, मी विशरलोच होथो!"

काकूंनी पदर तोंडात कोंबला होता, पण हसू काही पदरात मावेना. त्या अशा हसल्या की टेबलाला धक्का लागला, ताट घसरलं, पिठाचा डबा लवंडला आणि अर्धी खोली पांढरी झाली. त्या पांढऱ्या ढगातून काका ओरडत होते, "वेफर शांभाळ! वेफर शांभाळ!" आणि काकू त्यांच्या हनुवटीवरचे कण पुसायला वाकल्या, त्याही चित्रात आल्या, केसांवर पीठ घेऊन.

काका कवळी धुवून, बसवून, पुन्हा माणसात येऊन म्हणाले, "ते पुसून टाक हं. आता नीट करू."

"मघाशीच पाठवलं मी," काकू म्हणाल्या.

काकांचा चेहरा पिठासारखा झाला. ते काहीतरी बोलणार, एवढ्यात फोन वाजला. भाचीचा होता, आणि समोर चेहरा दिसेल असा.

पडद्यावर आधी नुसतं छत दिसलं. मग भाचीचा रडवेला, हसरा चेहरा. "मामा, तीनदा बघितला. पहिल्यांदा नुसती बघत राहिली. दुसऱ्यांदा खांदे हलायला लागले, मला वाटलं रडतेय. मामा, ती हसत होती. थांबा, देते."

आक्का दिसली. उशांना टेकून बसलेली, नाकात नळी. तिने भावाचा नीटनेटका, दातवाला चेहरा निरखला. ओठ हलले. एका बाजूनेच हलले.

"बो... ळक्या," आक्का म्हणाली.

वाकडा, जड, ओला शब्द. पण तिचा. भाची मागे हमसून रडायला लागली. आक्काने चालता हात उचलून तिला गप्प बसायची खूण केली, कारण तिचं बोलणं संपलं नव्हतं.

"काढ," ती म्हणाली. "दाथ... काढ. मग बोल."

काकांना कळलं. दात लावून सरळ बोलणाऱ्या भावाशी ती बोलणार नव्हती. त्यांनी वाटी ओढली. टप्प. मग दोघं बोलायला लागली. हे वाकडं, ते वाकडं. हिचे शब्द डावीकडे घसरायचे, ह्यांचे पुढे सांडायचे. तिकडे भाचीला आणि इकडे काकूंना निम्मं कळत नव्हतं. त्या दोघांना सगळं कळत होतं.

"थो... मोठा उचल."

"हा?"

"नाही रे. खाल... चा. काळा."

काकांनी कडेने जळलेला शोधून काढला, टाळूवर दाबला, डोळे मिटले. पलीकडे आक्कानेही डोळे मिटले. तिच्या घशाजवळ काहीतरी हललं. ती थांबली, आणि मग तिने निकाल दिला, "मीठ... बरं आहे. मनाथून... केलंय."

नेमकं तेव्हाच दार वाजलं. एक गिऱ्हाईक कवळी न्यायला आलं होतं. आत बघतं तर सगळीकडे पीठ, काकू डोळे पुसतायत, आणि ज्यांच्या हसण्याच्या भरवशावर आपण नवे दात करायला टाकले, ते काका बोळकं तोंड उघडं टाकून फोनपुढे वेफर चोखतायत. काकूंनी घाईने वाटी पुढे केली. काकांनी ती हाताने बाजूला सारली. तोंडावर हातही घेतला नाही.

"बशा," ते गिऱ्हाइकाला म्हणाले. "थोडा वेळ लागेल. बहिणीशी बोलथोय."

गिऱ्हाईक बसलं. अहो, नुसतं बसलं नाही, थोड्या वेळाने त्यानेही एक वेफर उचलला आणि आक्काला विचारलं, "आजी, हा चालेल?"

आता खोटं कशाला सांगू? गिळणं काही आक्काला परत मिळालं नाही. नळी गेली नाही. पण बोलणं आलं. वाकडं आलं, हळू आलं, आणि मग काही थांबेना. सरावाची बाई आली की आक्काच तिला विचारायची, आज सकाळी काय खाल्लंस, कसं झालं होतं, खरं सांग. दर आठवड्याला काका एक नवं पाकीट फोडायचे, काकू ताट धरायच्या, आणि आक्का पलीकडून हुकूम सोडायची. भाजलेले दाणे झाले, मक्याचे फुगे झाले, बिस्किटं तर किती झाली. पुढे ती शांतपणे गेली. भाची सांगते, त्या दिवशीही तिने आधी विचारून घेतलं होतं, मामाने आज काय आणलंय.

काका अजूनही कवळ्या करतात. नव्या गिऱ्हाइकाला सगळं नीट शिकवतात, तोंड मिटून, सावकाश, दोन्ही बाजूंनी. आणि दुपारी कधीतरी वाटीत टप्प असा आवाज होतो, दार उघडंच असतं.

माझं मागणं फार नाही. घरी गेल्यावर काही कुरकुरीत तोंडात टाकाल, तेव्हा लगेच गिळू नका. जरा जिभेवर राहू द्या, मीठ आधी येऊ द्या. आणि तेवढा वेळ त्या आक्काला आठवा.