राजानंदचा होकार

राजानंद जालन्याच्या एमआयडीसीत सळईच्या कारखान्यात बावीस वर्षं रोलिंगवर, म्हणजे तापलेलं लोखंड लाटून सळई काढणाऱ्या यंत्रावर होता. लाल सळई सुटायला लागली की तिथं शेजारच्या माणसाचं बोलणंही ऐकू येत नाही. सगळं काम हातवाऱ्यांवर चालतं. त्यामुळे त्याचे कान गेले, हे कारखान्यात कुणाच्या ध्यानातच आलं नाही. त्याच्या स्वतःच्या ध्यानात आलं ते चार वर्षांपूर्वी, घरी. कुकरची शिट्टी बेबीनंदाला, त्याच्या बायकोला, ऐकू यायची. त्याला यायची नाही.

बहिऱ्या माणसाला ठेकेदार कशाला ठेवील? म्हणून त्याने बायकोलाही सांगितलं नाही. समोरच्याच्या ओठांवरून जमेल तेवढं ओळखायचं, ते थांबले की मान डोलवायची आणि "बराबर" म्हणायचं, एवढं त्याने शिकून घेतलं. माणसं बहुतेक वेळा होकारच मागतात. त्याचं निभत गेलं. घरातले म्हणायचे, पप्पा आताशा अबोल झाले.

त्याची मुलगी प्रीती नर्सिंगला होती. सकाळी डबा घेऊन निघायची, अंधार पडायच्या आत घरी यायची.

फेब्रुवारीत एक दिवस जेवणाच्या सुट्टीत कडूबा समोर येऊन बसला. कडूबा त्याच्याच पाळीतला, आवाज भोंग्यासारखा.

"राजाभाऊ, तुमची पोरगी लई हुशार! माझी बायको ब्लाउजपीस आणायला गेल्ती, पोरीनं दोन साड्या गळ्यात मारल्या!"

"कुठं?"

"कापडाच्या दुकानात! जुन्या जालन्यात! तिथंच काम करती ना ती?"

राजानंदने मान डोलावली. पण डबा अर्धाच ठेवून तो उठला.

सुट्टीच्या दिवशी तो जुन्या जालन्यात गेला. दुकानं हुडकत हुडकत तिसऱ्या गल्लीत त्याला प्रीती दिसली. काउंटरमागे उभी राहून ती कापड मोजत होती. बापाला पाहून ती दचकली नाही, याचंच त्याला नवल वाटलं. मालकाला सांगून ती बाहेर आली.

"कालेज सोडून हितं काय करून राह्यली तू? मला सांगावं वाटलं न्हाई?"

ती काहीतरी बोलली. मागून रिक्षा हॉर्न वाजवत गेली.

"काय?"

ती पुन्हा बोलली. त्याला नुसते ओठ दिसले.

"मोठ्यानं बोल!"

"तुम्हाला सांगितलं होतं, पप्पा!" प्रीती ओरडली. "डिसेंबरात! तुम्ही जेवत होते तव्हा! मी नापास झाले, दोन विषयांत! इंग्रजीतलं मला काही कळत न्हाई! सोडू का म्हणलं, तर तुम्ही म्हणले बराबर हे, पटंल तसं कर!"

शेजारचा दुकानदार गादीवरून वाकून बघू लागला. दोन बायका थांबल्या.

राजानंदला ती संध्याकाळ आठवली. प्रीती खाली मान घालून बरंच बोलत होती. ओठ दिसत नव्हते. मैत्रिणींसोबत कुठं जायचं असेल, असं समजून त्याने होकार दिला होता.

"घरात रोज तेच बोलणं चालतंय, तुमच्या पुढ्यात!" प्रीतीचा आवाज फाटला. "तुम्ही रागावताल, परत परीक्षा दे म्हणताल, असं वाटलं होतं. तुम्ही भाकर खात राह्यले. मला वाटलं, तुम्हीबी माझी आशा सोडली."

शेवटचं वाक्य त्याने ओठांवरून वाचलं. आता लपवण्यात काही राहिलं नव्हतं.

"मला ऐकू येत न्हाई, बाई," तो म्हणाला. आपण किती मोठ्याने बोललो हे त्याला कळलं नाही. पण पुढे निघालेल्या त्या दोन बायकांनी माना मागे वळवल्या, यावरून त्याने ओळखलं. "चार वर्षं झाली. तू काय बोलली, मला काहीच कळलं न्हाई. कळलं असतं तर मी होकार दिला असता का?"

 प्रीती दुकानाच्या पायरीवरच बसली आणि ओढणीत तोंड घालून रडली. राजानंद बाजूला उभा राहिला. रडण्याचा आवाज त्याला येत नव्हता, खांदे दिसत होते.

घरी हे कळल्यावर दुसऱ्या दिवशी बेबीनंदाने दिवसभर अबोला धरला. "चार वर्षं मी भिंतीशी बोलून राह्यले व्हय?" एवढंच ती म्हणाली, तेही त्याच्या तोंडासमोर येऊन.

प्रीतीनेच त्याला सरकारी दवाखान्यात नेलं. कानाच्या नसा गेल्यात, त्या परत येणार नाहीत, मशीनने थोडाफार फरक पडेल, असं डॉक्टरांनी कागदावर लिहून दाखवलं. गोष्ट कारखान्यातही पोचली आणि ठेकेदाराने त्याला रोलिंगवरून काढून बाहेर सळया बांधायला लावलं. उन्हातलं काम, हाताला तारा टोचतात. पण काम राहिलं.

प्रीतीने परीक्षेचा फॉर्म पुन्हा भरला. दुकान सुटल्यावर अभ्यासाला बसायची. उन्हाळ्यात निकाल लागला: एक विषय सुटला, एक राहिला. ती येऊन बापासमोर बसली, त्याला ओठ दिसतील अशी, आणि राहिलेल्या विषयाचं नाव आधी सांगितलं.

"का राह्यला?" राजानंदने विचारलं.

मग ती कारणं सांगत बसली आणि तो मधे मधे तिला थांबवून पुन्हा विचारत राहिला.