उलटे शिंपी

सलग तीन आठवडे हॉस्पिटलात ड्यूटी केल्यावर मला एक सुट्टी मिळाली, आणि ती मी बाबांना संग्रहालयात नेण्यात घालवायची ठरवली. चूक माझीच. बाबांनी चौतीस वर्षं एका वर्तमानपत्राच्या डार्करूममध्ये फोटो छापले. त्याच वर्तमानपत्राच्या जुन्या फोटोंचं प्रदर्शन लागलंय, हेही मीच त्यांना हौसेनं सांगितलं होतं.

दारातच सुरुवात झाली. तिकिटावरची छपाई फिकी. पहिल्या दालनात दिवे चुकीचे, काचेत आपलंच तोंड दिसतंय. दुसऱ्यात फोटो इतके उंच टांगलेत की बघायला जिराफच हवेत. "बाबा, हळू बोला ना," असं मी किती वेळा म्हटलं असेल, देव जाणे. ते खिशातून भिंग काढायचे, चौकटीला नाक लावायचे, आणि पहारेकरी दर वेळी म्हणायचा, "काका, दोरीच्या मागे."

तिसऱ्या दालनात एका शिवणकामाच्या कारखान्याचा फोटो होता. ओळीत सहा शिंपी, पुढ्यात सहा मशिनी.

"हा फोटो उलटा आहे!" बाबा एवढ्यानं ओरडले की पलीकडच्या बाईंची पर्स पडली.

"सरळ तर आहे. डोकी वरच आहेत सगळ्यांची."

"अगं, डावं-उजवं उलटं! मशीनचं चाक बघ. शिंप्याच्या डाव्या हाताला चाक पाहिलंयस कधी? आणि तेही सहाच्या सहा जणांच्या? निगेटिव्ह पालथी घातलीय. कुणी गाढवानं छापलाय हा?"

गाढव आपल्याला म्हटलं, असं पहारेकऱ्याला वाटलं. त्याला समजावता समजावता माझ्या तोंडाला फेस आला. शेवटी तो संग्रहालयाच्या अधिकारी बाईंना घेऊन आला. बाई तिशीतल्या, भलत्याच शांत. त्यांनी चाकं मोजली, मान डोलावली.

"बरोबर आहे काका तुमचं. पण ही प्रत आम्ही छापलेली नाही. वर्तमानपत्राच्या कपाटातून आली, तशीच लावली."

"मग मागे पेन्सिलनं आकडा असेल. आम्ही प्रत्येक जण आपापला आकडा टाकायचो. बघाच तुम्ही. कळू दे मला, कोण हा शहाणा!"

"जाऊ द्या ना, बाबा. चाळीस वर्षं झाली त्याला."

"जाऊ द्या कसं?"

प्रत्येक फोटोच्या पाठीचंही चित्र बाईंच्या टॅबलेटवर होतं. त्यांनी ते मोठं करून दाखवलं. कोपऱ्यात चार होता.

बाबांनी चष्मा पुसला. मग टॅबलेटवर भिंग धरलं. चारच होता.

"चार नंबर कोणाचा?" मी विचारलं.

बाबांनी भिंग खिशात ठेवलं. मी पुन्हा विचारलं.

"माझा," बाबा म्हणाले.

मला हसू फुटणार होतं, पण त्यांचा चेहरा पाहून आतल्या आत जिरलं. कान लालबुंद झाले होते. "आठवतच नाही गं," ते हळूच म्हणाले. दिवसभरात पहिल्यांदाच हळू. "एवढी मोठी चूक, आणि मला आठवतच नाही."

"काढून ठेवू का फोटो?" बाईंनी विचारलं.

"मुळीच नाही! राहू दे. खाली लिहा फक्त, छापणाऱ्यानं उलटा केला म्हणून."

बाईंनी लिहून घेतलं, नमस्कार केला आणि गेल्या. मला वाटलं, सुटलो. पुढे अजून दोन दालनं होती, मग जेवण, मग घर. पण बाबा हलेनात. तेवढ्यात एक नवराबायको फोटोपाशी येऊन थांबले.

"यात चूक आहे," बाबा त्यांना म्हणाले. "चाकं बघा. ओळखा बरं काय ते."

नवरा-बायकोला ओळखता आलं नाही. बाबांनी सांगितलं, मग छाती पुढे काढून म्हणाले, "मीच केलीय ती!"

त्यानंतर एक आजोबा आले. मग कॉलेजच्या चार मुली. दर वेळी तेच कोडं, तोच खुलासा, पहिल्यापेक्षा लांबलेला. पहारेकरीही आता दोरी सोडून ऐकायला उभा राहिला होता.

तीन वाजता माझा संयम संपला. त्यांना तिथंच सोडून मी एकटी कॅन्टीनमध्ये जेवायला गेले.